जुन्नरी कागद

संपादकांनी यंदा मला नेहमीच्या दुप्पट जागा दिली आहे आणि ‘दिवाळीचा अंक आहे, जरा हलकेफुलके येऊ द्या’ असेही बजावले आहे. जागा मी आनंदाने घेतली. हलकेफुलके मात्र या खेपेस जमेलसे दिसत नाही. या सदरात मी एरवी पुस्तकांविषयी लिहितो हे वाचकांना ठाऊक आहेच. आज दोन कागदांविषयी लिहिणार आहे. मी ते पाहिले तेव्हा त्यांतला एक शंभर वर्षांचा होता आणि दुसरा जेमतेम आठ दिवसांचा.

२०१२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जुन्नरच्या एका जुन्या पेठेत, माझ्या एका विद्यार्थिनीच्या माहेरी, मी भर दुपारी गेलो होतो. मुलगी आमच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेली. तीन वर्षांपूर्वी तिचे लग्न आंबेगाव तालुक्यात, मंचरला झाले होते. तिच्या वडिलांना आम्ही सगळेच चाचा म्हणत असू. चाचांचा निरोप आला होता, “सर, घरी एक कागद आला आहे. कोर्टाच्या मराठीतला आहे. एकदा येऊन वाचून सांगा.”

कागद शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर टाइप केलेला होता आणि रजिस्टर पोस्टाने आला होता. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, ‘कारणे तलाकनामा लिहून देतो ऐसाजे’ ही आपल्या जुन्या दस्तऐवजांची सगळी वळणे त्यात होती. मधल्या एका ओळीत एकच शब्द, मध्ये स्वल्पविराम देऊन, तीनदा टाइप केला होता. मेहेराची आणि इद्दतीच्या मुदतीतल्या खर्चाची रक्कम मनीऑर्डरने पाठवीत आहे, सबब यापुढे कसलाही हक्कसंबंध उरलेला नाही, असा शेवट. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नव्हती.

चाचांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग उठून आत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली एक घडी घेऊन आले. तो त्यांच्या आजोबांचा निकाहनामा होता. काळी शाई, वर कुठेकुठे वाळवीची नक्षी, पण कागद अजून खणखणीत. बोट फिरवले तर गुळगुळीत लागे.

चाचांचे घराणे कागद्यांचे. पेशवाईतली जुनी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना जुन्नरी कागद हा शब्द नवा नाही. जुन्नरला मुसलमान कागद्यांची घरे होती. जुने तरट, दोरखंड, चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. मग तो लगदा हौदात कालवून जाळीवर उचलायचा, ओला ताव गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि दगडाने घोटून घोटून चकाकी आणायची. घरातली बायामाणसे सगळी त्यात. पुढे इंग्रजी अमलात गिरणीचा कागद आला. पांढरा, सारखा, स्वस्त. सरकारी कचेऱ्यांनी तो उचलला आणि कागद्यांचे हात रिकामे झाले. चाचांच्या वडिलांनी सायकली भाड्याने देण्याचे दुकान टाकले.

चाचांनी दोन्ही कागद बाजेवर शेजारी शेजारी ठेवले आणि एवढेच म्हणाले, “सर, हाही कागदच. आणि तोही कागदच.”

तेवढ्यात दारातून मुलीचा आवाज आला. कडेवर वर्षाचे मूल होते.

“सर, हे कुठं लिहिलं आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे असं तीनदा लिहून पोस्टात टाकलं की झालं, हे कुठं लिहिलं आहे? कुराणात आहे का?”

चाचा खाली पाहू लागले. मी म्हणालो, “पाहून सांगतो.” मास्तरांना दुसरे काय सुचणार?

पण या खेपेस मी खरोखरच पाहिले. ती उन्हाळ्याची सुटी त्यात गेली.

कुराणात तलाक आहे, पण तो असा नाही. नवराबायकोत बिनसले तर दोन्ही घरांकडचा एकेक मध्यस्थ नेमावा, तलाक दिलाच तर इद्दतीची मुदत मोजावी, त्या मुदतीत समेटाची वाट उघडी ठेवावी, असा तो सगळा क्रम आहे. एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकाला धर्मशास्त्रकार ‘बिद्दत’ म्हणत, म्हणजे मागाहून शिरलेली वाईट रीत. तरीपण आपल्याकडे ज्यांचे अनुयायी सर्वाधिक त्या हनफी शास्त्रकारांनी, पाप आहे असे म्हणत का होईना, तो लागू मानला. शिया पंथाने तो मानलाच नाही. म्हणजे वाद होता, शास्त्रार्थ होता, आणि काझी माणूस पाहून, प्रसंग पाहून निवाडा देऊ शकत होता. निकाहनाम्यात अटी घालण्याचीही चाल होती. सतराव्या शतकातले सुरतेचे निकाहनामे उपलब्ध आहेत. त्यांत नवऱ्याने दुसरी बायको करू नये, मारहाण करू नये, अमुक दिवसांहून अधिक काळ पोटगीवाचून टाकून जाऊ नये, अशा अटी स्पष्ट लिहिलेल्या सापडतात. हे वाचले तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो.

मग इंग्रज आले. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवले की, लग्न, वारसा वगैरे बाबतींत हिंदूंना शास्त्र लावावे आणि मुसलमानांना कुराण. ऐकायला हे किती उदार वाटते! पण साहेबाला शास्त्र हवे होते ते पुस्तकातले, पाने उलटून दाखवता येईल असे. म्हणून १७९१ साली ‘हिदाया’ या बाराव्या शतकातल्या हनफी ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केले, तेही मूळ अरबीवरून नव्हे, फारसी भाषांतरावरून. पुढे इंग्रज न्यायाधीश त्यावर निकाल देऊ लागले. एकदा निकाल झाला की तो पुढच्या निकालाला बांधून ठेवतो ही त्यांची रीत. १८९७ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगून टाकले की, जुन्या भाष्यकारांनी स्पष्ट सांगितलेल्या अर्थाविरुद्ध कोर्टाने कुराणाचा आपला वेगळा अर्थ लावू नये. शास्त्रार्थाचे दार तिथे कोर्टापुरते तरी बंद झाले.

आणि १९०५ साली, आपल्या मुंबईच्याच हायकोर्टात, एका विधवेच्या वारसाहक्काचा दावा आला. नवऱ्याने मरणापूर्वी, बायको समोर नसताना, काझीपुढे तलाकनामा करून ठेवला होता. न्यायमूर्ती बॅचलर यांनी म्हटले की, असा तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट असला तरी कायद्याच्या दृष्टीने चांगलाच आहे. वकिलांच्या पुस्तकांत हे वाक्य पुढे शंभर वर्षे फिरत राहिले. मंचरहून आलेल्या त्या स्टँपपेपरचा खरा पूर्वज मला तिथे सापडला.

कोणी म्हणेल, साहेब धर्माला भिऊन होता. तसेही दिसत नाही. याच मुंबईत १८४७ साली खोजा आणि मेमन मुलींनी बापाच्या इस्टेटीत कुराणाने दिलेला वाटा मागितला, तेव्हा सर एर्स्किन पेरींनी त्यांना रूढीवर बोट ठेवून परत पाठवले. जिथे ग्रंथ बाईच्या बाजूचा तिथे रूढी मोठी ठरली, आणि जिथे ग्रंथाची जुनी टीका नवऱ्याच्या बाजूची तिथे टीका. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारली खरी, पण शेतजमीन त्यातून वगळली. आमच्याकडे शेतजमिनीवाचून इस्टेट ती दुसरी कसली असते?

या सगळ्या काळात मुसलमान विचारवंत स्वस्थ बसले होते असा जो आपल्याकडे सरसकट समज आहे, तो अज्ञानाचा आहे, माझाही होता. १८५७ नंतर राज्य गेले, इभ्रत गेली, आणि वरून पाद्री व साहेब विचारू लागले की तुमच्या धर्मात सुधारणा बसते का? उत्तरे नाना तऱ्हेची आली. देवबंदच्या उलेमांनी १८६६ साली मदरसा काढून इंग्रजी राज्यापासून अंतर राखले आणि धर्म आपल्या घरात जपला. सर सय्यद अहमद विलायत पाहून आले, १८७५ मध्ये अलीगढला शाळा काढली आणि सांगू लागले की निसर्गाचे नियम हे ईश्वराचे कार्य आणि कुराण हा त्याचा शब्द, या दोहोंत विरोध असणे शक्य नाही. त्यावर जमालुद्दीन अफगाणी खवळले. ते त्या सुमारास निजामाच्या हैदराबादेत, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या राजधानीतच, मुक्कामाला होते. तिथे बसून त्यांनी सर सय्यदांच्या ‘नेचरी’ पंथावर फारसीत टीकाग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, सुधारणा हवी, पण इंग्रजाच्या मांडीवर बसून नको. त्यांचे शिष्य महंमद अब्दुह पुढे १८९९ साली इजिप्तचे मुफ्ती झाले आणि ग्रंथाचा अर्थ काळाप्रमाणे नव्याने लावण्याचा हक्क त्यांनी ठासून सांगितला. त्या विचारांच्या वाऱ्यावरच १९२९ साली इजिप्तने कायदा केला: एका दमात तीनदा म्हटलेला तलाक एकच धरावा. १९२९! आमच्या विद्यार्थिनीचा कागद त्यानंतर त्र्याऐंशी वर्षांनी आला.

मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी होते. लोकमान्यांना १८९७ च्या खटल्यात जामीन देणारे न्यायमूर्ती म्हणून मराठी माणूस त्यांना ओळखतो. पण १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी करण्यात ते पुढे होते, आणि आपल्या मुलींना त्यांनी शिकवले, हे आपण विसरतो. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. सर सय्यदांना ते रुचले नाही आणि दोघांत पत्रांतून मोठी तकरार झाली. याच परंपरेतले आसफ फैझी, जन्माने आपल्या माथेरानचे. इस्लामी कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतो. त्यांचे म्हणणे होते की, धर्म वेगळा आणि कायदा वेगळा. धर्म माणसाच्या अंतःकरणाचा, कायदा बदलत्या समाजाचा.

आणि उलेमांच्या हातूनही सुधारणा झालेली आहे. नवऱ्याच्या जाचातून सुटायला बाईला वाट नाही, म्हणून पंजाबात काही बायका धर्मच सोडू लागल्या, तेव्हा देवबंदी परंपरेतल्या मौलाना थानवींनी मालिकी पंथाच्या नियमांचा आधार शोधून काढला. १९३९ साली बायकांना कोर्टातून फारकत मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला, त्यामागे ती खटपट होती. इच्छा असली की ग्रंथातही वाट निघते, ती अशी.

पण ज्या माणसावर मी सर्वांत अधिक वेळ द्यायला हवा होता, तो माझ्याच विषयातला निघाला. हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘लाट’ हा कथासंग्रह १९६१ चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ ची. मी ‘इंधन’ वर्गात शिकवीत असे आणि फार चांगली शिकवतो असा माझा समज होता. कोकणातला गाव, बोली, माणसांच्या मनातले पीळ, कादंबरीची बांधणी. परीक्षेला येईल तेवढे सारे.

याच लेखकाने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. सात! लोक हसले असतील. सर सय्यदांपासून सर्वांनी ग्रंथाचा अर्थ लावून वाट काढली. दलवाईंनी ती वाट सोडून दिली. आम्ही या देशाचे नागरिक आहोत, बाईला माणूस म्हणून हक्क हवा, त्यासाठी आयतीचा आधार मागू नका, असा त्यांचा रोख. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यात सय्यदभाई होते, ज्यांनी आपल्या बहिणीला तलाक मिळालेला पाहिला आणि उरलेले सारे आयुष्य त्या कामात घातले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि २०२२ मध्ये ते गेले. दलवाई ३ मे १९७७ रोजी वारले, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना दहन दिले. त्यांचा समाज त्यांच्यामागे गेला नाही, आणि त्या दहनाने मने आणखी दूर गेली असे मला वाटते. सुधारक आपल्या घरापासून किती अंतरावर उभा राहिला म्हणजे त्याची हाक ऐकू येते, याचा हिशोब मला अजून सुटलेला नाही.

जून उजाडला तेव्हा मी पुन्हा जुन्नरला गेलो आणि जमवलेले सारे सांगितले. तिने मध्ये न बोलता ऐकले.

“म्हणजे एका इंग्रज साहेबानं ठरवलं?”

“नाही, तसं म्हणून सुटता येणार नाही. रीत आपल्याच लोकांची. त्यानं तिच्यावर शिक्का मारला.”

ती थोडी थांबली. मग म्हणाली, “सर, दलवाई तुम्ही आम्हाला शिकवलेत. कादंबरी शिकवलीत. मोर्चा नाही सांगितलात.”

खरे होते. वर्गात पाचसहा मुस्लिम मुले-मुली असत. उगाच वाद नको, कोणाचे मन दुखवायला नको, असे मी मनाशी म्हणत असे आणि त्याला सहिष्णुता असे नाव देत असे. प्रत्यक्षात ज्यांना ती गोष्ट सर्वांत अधिक ठाऊक असायला हवी होती त्यांच्यापासूनच मी ती राखून ठेवली होती. मी काही बोललो नाही. चाचांनी चहा आणला.

जाता जाता एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली. दलवाईंनी मंडळासाठी ‘सत्यशोधक’ हा शब्द जोतीरावांच्या १८७३ च्या समाजावरून घेतला, आणि तो शब्द आमच्या जुन्नर तालुक्याला परका नाही. ओतूरचे डुंबरे पाटील जोतीरावांचे सहकारी होते. पुरोहितावाचून लग्न लावले म्हणून या भागात खटले झाले. शिवाय पैगंबरांवर ‘मानव महंमद’ ही रचना करणारे फुलेच. ती म्हणाली, “ओतूर? आमची मावशी असते तिथं.” मला त्या एवढ्याशा वाक्याने फार बरे वाटले.

पुढचे काम वकिलांचे होते. त्यांनी सांगितले की, २००२ सालीच मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्ण पीठाने निकाल दिला आहे: नुसता कागद दाखवून भागत नाही, तलाकाला कारण हवे, आधी मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न हवा, आणि ते सारे कोर्टात शाबीत करावे लागते. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानेही तसेच म्हटले होते. म्हणजे तो बिनचूक शुद्धलेखनाचा कागद कायद्याने लंगडाच होता. पण दहा वर्षांत ही गोष्ट मुंबई-दिल्लीच्या कायद्याच्या पुस्तकांतून मंचर-जुन्नरच्या घरापर्यंत पोचली नव्हती. गिरणीच्या कागदाला यायला तेवढाही वेळ लागला नसेल.

नोटीस गेली. आणि मग गंमत पाहा, नारायणगावच्या एका घरी दोन्हीकडचा एकेक वडीलधारा माणूस बसला. ग्रंथात जे आधी व्हावे असे लिहिले आहे ते वकिलाची नोटीस गेल्यावर झाले. तिने परत जाण्यास साफ नकार दिला. शेवटी मुबारात, म्हणजे उभयतांच्या संमतीची फारकत झाली. मेहेर मिळाला, मुलीचा खर्च ठरला. दरमहा तो येतो असे नाही, पण येतो.

त्यानंतर पाच वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सुप्रीम कोर्टाने तिहेरी तलाक रद्द ठरवला. पाचांतल्या तिघांचे मत तसे पडले. त्यांतल्या न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी म्हटले की, जे धर्मशास्त्राने वाईट ते कायद्यानेही वाईटच. बॅचलरसाहेबांच्या वाक्याला ११२ वर्षांनी मिळालेले ते उत्तर मी वर्तमानपत्रात वाचले आणि कात्रण कापून ठेवले. २०१९ च्या कायद्याने असा तलाक उच्चारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याविषयी माझे मन अजून स्वच्छ नाही. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, असे चाचांनी मला विचारले होते. आणि दुसऱ्या कोणत्याही धर्माचा नवरा बायकोला न सांगता टाकून गेला तर त्याला तुरुंग का नाही, असे तिने.

चाचा आता नाहीत. ट्रंक तिच्याकडे आहे. तिने बी. एड. केले आणि ती एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा श्रावणात एका दुपारी तिचा फोन आला.

“सर, नववीच्या मुलींना अवांतर वाचनाच्या तासाला दलवाईंबद्दल सांगणार आहे. मोर्च्याची तारीख नक्की काय?”

“अठरा एप्रिल, एकोणीसशे सहासष्ट.”

“आणि सातच जणी?”

“सातच.”

तिने ते लिहून घेतले असावे, कारण क्षणभर काही ऐकू आले नाही. मग मागे घंटा झाली, “ठेवते सर, तास आहे,” म्हणाली आणि फोन बंद झाला.